घरून दिलेली इंग्रजीची टेस्ट मध्येच तुटते किंवा निकाल अडकतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं साधारण चार प्रकारची असतात. त्यातलं तुमचं कोणतं हे आधी ठरवा, कारण चौघांचा उपाय वेगळा आहे.

पहिलं लक्षण: टेस्ट सुरूच होत नाही. कॅमेरा सापडत नाही, माइकमधून आवाज जात नाही, किंवा अमुक प्रोग्राम बंद करा असा निरोप येतो आणि तो प्रोग्राम कुठे चालू आहे तेच कळत नाही.

दुसरं: सुरुवात छान होते, वीस-पंचवीस मिनिटांनी पडदा गोठतो, गोल चक्र फिरत राहतं आणि टेस्ट तुटते. घरात त्याच वेळी मोबाइलवर व्हिडिओ मात्र न अडखळता चालू असतो.

तिसरं: टेस्ट शेवटपर्यंत नीट होते, सगळे पेढे आणायच्या तयारीत असतात आणि दोन दिवसांनी मेल येतो की निकाल प्रमाणित करता येत नाही.

चौथं: टोफेलसारख्या परीक्षेत नेटवरून थेट बघणारा पर्यवेक्षक असतो, तो सारखा मध्ये थांबवतो. खोली पुन्हा दाखवा, टेबलाखाली काय आहे, हा आवाज कोणाचा.

मी लालबाग-परळ-शिवडी पट्ट्यात इंटरनेटच्या जोडण्या आणि लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. २०२० च्या मार्चमध्ये टोफेल घरून द्यायची सोय आली. डुओलिंगोची इंग्लिश टेस्ट त्याच्या आधीपासून होती, पण परीक्षा केंद्रं बंद पडल्यावर ती अनेक विद्यापीठांनी मान्य करायला सुरुवात केली. तेव्हापासून ‘दादा, टेस्ट तुटली’ हा फोन मला येत आलाय. मी जाऊन बघतो तेव्हा घरच्यांचा सगळ्यात महाग उपाय आधीच करून झालेला असतो. नवा लॅपटॉप घेतलेला असतो, नाहीतर प्लॅन वाढवून ३०० एमबीपीएसचा केलेला असतो. बिघाड बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो दाराच्या कडीत असतो, कपाटावर ठेवलेल्या राउटरमध्ये असतो, किंवा मुलीच्या छताकडे बघण्याच्या सवयीत असतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो फुकटातल्या गोष्टींपासून सुरू होतो. कृपा करून तो क्रम मोडू नका.

ही टेस्ट तुमच्या कामाची आहे का

ही तपासणी यंत्राची नाही, पण सगळ्यात आधी हीच करा. घरून दिलेली टेस्ट सगळीकडे चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी घरून दिलेली इंग्रजीची परीक्षा मान्य नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी जिथे सरकारमान्य सुरक्षित इंग्रजी परीक्षा मागितली जाते, तिथे ती मान्यताप्राप्त केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. विद्यापीठाने प्रवेशाला घरची टेस्ट मान्य केली म्हणजे व्हिसालाही ती चालेल असं नसतं. ही दोन वेगळी दारं आहेत आणि दोन्हीकडे वेगळी किल्ली लागू शकते. शिवडीच्या एका मुलाची टेस्ट तीनदा तुटली. मी वायर बदलली, राउटर हलवला, चौथ्यांदा ती पार पडली. मग कळलं की त्याला ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जायचंय. माझे कष्ट सोडा, त्या घराने चार वेळा जीव मुठीत धरला होता. आता मी पहिला प्रश्न तोच विचारतो: कुठे जायचंय, आणि त्यांच्या संकेतस्थळावर या टेस्टचं नाव तुम्ही स्वतः वाचलंत का?

पासपोर्टावरचं नाव

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा आडनाव शेवटी असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र दुसऱ्या रकान्यात. मुलं टेस्टच्या खात्यात फेसबुकवर असतं तसं नाव टाकतात, वडिलांचं गाळून. मग ओळखपत्राशी ते जुळत नाही. नियम एकच ठेवा: पासपोर्ट समोर उघडा ठेवायचा आणि रकान्यांप्रमाणे अक्षर न अक्षर तसंच भरायचं. विद्यापीठाच्या अर्जातही तेच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी तर हे आधीच बघावं. पासपोर्टमध्येच चूक असेल तर ते काम पासपोर्ट कार्यालयाचं आहे. तिथे कोणी कॉम्प्युटरवाला काही करू शकत नाही, आणि करून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

ओळखपत्राचा फोटो काढताना ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पासपोर्टच्या पानावर पडतो आणि नेमका नंबर झाकला जातो. पासपोर्ट थोडा तिरका धरा, पट्टा सरकतो.

खोली

निकाल अडकण्याची जितकी प्रकरणं मी पाहिली, त्यातली सगळ्यात जास्त इथली आहेत. त्यामुळे इथे जरा थांबतो.

डुओलिंगोच्या टेस्टमध्ये समोर कोणी बसलेलं नसतं. साधारण तासाभराचं सगळं चित्रण होतं आणि नंतर तपासलं जातं, निकाल साधारण दोन दिवसांत येतो. म्हणून मुलांना वाटतं की कोणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक झालं. टोफेलमध्ये पर्यवेक्षक तिथल्या तिथे टोकतो, ते उलट बरं, चूक निदान कळते. दोन्हीकडे मूळ अट मात्र एकच: खोलीत तुम्ही एकटे हवेत, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत.

आता ही अट आमच्या भागात लावून बघा. चाळीत दिवसा दार उघडंच असतं. लावलं तर शेजारचे विचारतात, काय हो, बरं आहे ना? दहा बाय बाराची खोली, मध्ये लाकडी पार्टिशन, पलीकडे मोरी आणि ओटा. एका घरी मी सगळं तयार करून दिलं, आईला सांगून ठेवलं, बाबा बाहेर जाऊन बसले. चाळिसाव्या मिनिटाला शेजारच्या काकू नेहमीसारख्या आत आल्या, हातात शिऱ्याची वाटी. ‘परीक्षा आहे ना पोरीची, तोंड गोड करून जा म्हटलं.’ काकूंचा काय दोष? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चित्रणात मात्र खोलीत दुसरा माणूस आला एवढंच दिसलं आणि निकाल अडकला.

त्यामुळे आदल्या दिवशी ही कामं करा. मजल्यावरच्या शेजाऱ्यांना सांगा, अमुक वाजल्यापासून दीड तास कोणी दार वाजवू नका. दाराला आतून कडी. लहान भावंडाला कोणाकडे तरी पाठवा, ‘तो शांत बसतो’ यावर विसंबू नका. कुकर त्या वेळात लावायचा नाही. शिट्टी आपल्या कानाला सवयीची असते, माइकला नसते, आणि बोलण्याच्या प्रश्नात तुमचं वाक्यच ती गिळून टाकते. पलीकडच्या खोलीतून मराठीत सहज बोललेलं वाक्यही ऐकणाऱ्याला सूचना वाटू शकतं, कारण त्याला काय बोललं ते कळलेलं नसतं. देवघरात पुटपुटणारी आजी असेल तर तिला तासभर गॅलरीत खुर्ची द्या.

वेळ निवडणं हेही एक औषध आहे. पुष्कळजण पहाटेची वेळ घेतात, शांत असतं म्हणून. पण तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं? पाच-साडेपाचला पाणी येत असेल तर त्याच वेळी अख्ख्या मजल्यावर पिंपं आणि बादल्या भरायचा गोंधळ असतो. शेजारी इमारतीचा पुनर्विकास चालू असेल तर दिवसभर ड्रिल. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत टेस्ट लावूच नका, आगमनाच्या रविवारीही नको. माझ्या अनुभवात रात्री साडेदहानंतरची वेळ आमच्या भागात बरी पडते, फक्त खालच्या नाक्यावर त्या दिवशी लग्नाची वरात नाही ना ते विचारून घ्या.

घरात अशी खोली जमतच नसेल तर ओढून ताणून जमवू नका. मामाचं डोंबिवलीचं घर रिकामं असेल तर तिथे जा. अभ्यासिका, सायबर कॅफे, कॉलेजची लॅब ही ठिकाणं मात्र चालणार नाहीत, कारण तिथे एकटं बसता येत नाही.

चेहरा, कान, डोळे

डुओलिंगोत कान उघडे दिसावे लागतात आणि हेडफोन-इअरफोन चालत नाहीत. केस मागे बांधा, ओढणी-स्कार्फ कानावर येऊ देऊ नका. टिपणं काढायला कागद-पेनही नाही. दुसऱ्या परीक्षांचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा नाव नोंदवाल त्या दिवशी त्याच परीक्षेचं नियमांचं पान सावकाश वाचा. मैत्रिणीने सांगितलेले गेल्या वर्षीचे नियम कामाचे नाहीत.

उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, मग तुम्ही कुठे बघताय ते दिसत नाही. टेबल उलटं फिरवा, काम झालं, पैसा लागत नाही.

आता डोळे. विचार करताना आपण वर बघतो. प्रत्येकजण बघतो. तोंडी परीक्षेत मास्तरांसमोर उभे राहिलो तरी आधी आढ्याकडेच नजर जाते. पण तपासणाऱ्याला पडद्याबाहेर गेलेली नजर म्हणजे तिथे काहीतरी लिहिलेलं असावं अशी शंका येते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी दोनदा निकाल अडकल्यावर माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली, तिला वाटत होतं कॅमेरा खराब आहे. कॅमेरा उत्तम होता. मी तिला फोन समोर ठेवून दहा मिनिटं एका विषयावर इंग्रजीत बोलायला लावलं आणि तेच तिला दाखवलं. दहा मिनिटांत तिने अकरा वेळा डावीकडे वर पाहिलं होतं, माझ्या दुकानातल्या पंख्याच्या दिशेने. ती गप्पच झाली. मग आठवडाभर रोज रात्री स्वतःचं असं चित्रण करत राहिली आणि तिसऱ्या वेळी निकाल आला. तुम्हीही हे करा. आणि पडद्यावरचं वाचताना ओठ हलवत पुटपुटायची सवय असेल तर तीही याच चित्रणात पकडली जाते.

लॅपटॉपमध्ये काय चाललंय

टेस्ट सुरूच होत नसेल तर इथे बघा. या परीक्षा स्वतःचं अ‍ॅप किंवा बंदिस्त ब्राउझर वापरतात. पडदा दुसऱ्याला दाखवणारं, दुरून चालवणारं किंवा कॅमेऱ्याची नक्कल करणारं काहीही चालू असेल तर ते अडतं. आणि ते अडलंच पाहिजे, कारण त्याच मार्गाने दुसरा माणूस बसवता येतो.

सर्वात जास्त वेळा सापडतो तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर. तो बहुतेक आम्हा दुरुस्तीवाल्यांनीच टाकलेला असतो, दुकानातून बसल्या बसल्या काम करता यावं म्हणून, आणि तो लॅपटॉप चालू झाला की आपोआप मागे सुरू होतो. खिडकी बंद केली म्हणजे तो बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन बघा, आणि खरं सांगायचं तर टेस्टपुरता पूर्ण काढून टाका, नंतर दोन मिनिटांत परत टाकता येतो. त्याच यादीत झूम, डिस्कॉर्ड, ओबीएसचा आभासी कॅमेरा, फोन लॅपटॉपला जोडणारं विंडोजचं अ‍ॅप, डेस्कटॉपवरचं व्हॉट्सअ‍ॅप, इंग्रजीच्या चुका सुधारणारं ग्रामरलीसारखं काहीही आणि व्हीपीएन हे सगळं शोधा. दुसरा मॉनिटर असेल तर केबल उपसून ठेवा, टीव्हीला जोडलेली एचडीएमआयसुद्धा.

कॅमेरा-माइक सापडत नसेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखाली दोघांची परवानगी चालू आहे का बघा. काही लॅपटॉपना कॅमेऱ्यावर सरकतं झाकण असतं किंवा कॅमेरा बंद करायचं बटण असतं. हसू नका, त्या झाकणापायी नवा वेबकॅम विकत घेतलेलं घर मी पाहिलंय.

ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका. ताई-दादांच्या कंपनीचा लॅपटॉप घरात सगळ्यात चांगला असतो म्हणून मुलं तोच घेतात. त्यात कंपनीची पहारा ठेवणारी सॉफ्टवेअरं असतात, ती तुम्हाला काढता येत नाहीत आणि काढूही नयेत. काही नव्या स्वस्त लॅपटॉपांत विंडोज एस मोडमध्ये येतं, त्यात मायक्रोसॉफ्टच्या दुकानाबाहेरचं अ‍ॅप बसतच नाही. तो मोड फुकटात काढता येतो, पण परत लावता येत नाही, एवढं लक्षात ठेवून काढा.

विंडोजचं अपडेट आदल्या रात्री स्वतःहून पूर्ण करून लॅपटॉप एकदा बंद-चालू करा. नाहीतर ते नेमकं टेस्टच्या मध्यावर डाउनलोड सुरू करतं आणि पुढच्या तपासणीतला बिघाड तयार होतो.

इंटरनेट: स्पीड नाही, धागा सलग आहे का ते बघा

टेस्ट मध्येच तुटण्याचं कारण इथे सापडतं. डुओलिंगो मागते किती? खाली उतरवायला २ एमबीपीएस आणि वर पाठवायला १ एमबीपीएस. एवढं तर मुंबईत आज जवळपास प्रत्येक घरी आहे. मग तुटतं का? कारण ही टेस्ट तुमचा चेहरा आणि आवाज सतत वर पाठवत असते. व्हिडिओ बघताना फोन पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो, मध्ये चार सेकंद लाइन गेली तरी तुम्हाला कळतही नाही. टेस्टला असा साठा करता येत नाही. लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलताना मध्येच आवाज जातो तसं, चार सेकंदांची फट तिला लगेच जाणवते. म्हणून ‘आमच्याकडे तर नेट मस्त चालतं’ या वाक्याला इथे अर्थ नाही.

फट आहे का ते फुकटात बघता येतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत पिंग लिहा, जागा सोडून ८.८.८.८, पुन्हा जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी, म्हणजे ping 8.8.8.8 -t. एंटर दाबून तासभर तसंच राहू द्या, आणि हे टेस्टच्याच वेळेला करा, दुपारी तीनला करून रात्रीची खात्री होत नाही. ओळी पडत राहतील. प्रत्येक ओळीच्या शेवटाकडे मिलिसेकंदांचा आकडा असतो. तो ५-१०-२० असा शांत असेल तर उत्तम. मध्येच ४००-९०० अशा उड्या असतील, किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ अशा ओळी लागोपाठ दिसत असतील, तर तुमचा चोर तो आहे. बंद करायला कंट्रोल आणि सी दाबा, शेवटी किती टक्के हरवले ते तो सांगतो. माझा हिशेब सरळ आहे: एकही टक्का हरवत असेल तर टेस्टला बसू नका.

हरवत असेल तर पहिला उपाय म्हणजे लॅपटॉप वायरने जोडणं. चाळीत किंवा टॉवरमध्ये वाय-फायची यादी उघडून बघा, वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी फक्त तीन चॅनल आहेत, १, ६ आणि ११. पंचवीस राउटर त्या तीन गाड्यांत कोंबलेले, सकाळच्या चर्चगेट फास्टसारखे. तुमचा राउटर कितीही चांगला असला तरी त्याला आपली पाळी येईपर्यंत थांबावंच लागतं. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण तो भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतो. शिवाय राउटर कुठे ठेवलाय? नव्वद टक्के घरांत तो टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, देवाच्या फोटोशेजारी असतो. पत्रा आणि रेडिओ लहरी यांचं जमत नाही.

तयार लॅन केबल लॅमिंग्टन रोडवर लांबीप्रमाणे मिळते, कॅट ६ मागा. दहा मीटरची केबल नव्या राउटरच्या मानाने अगदी किरकोळ किमतीत येते. लॅपटॉपला जोडणीची खाच नसेल तर यूएसबीचा छोटा जोड मिळतो. केबल लावून वाय-फाय बंद करा आणि पिंग पुन्हा तासभर चालवा. ओळी शांत झाल्या तर बिघाड घरातल्या हवेत होता, आणि तो संपला. माझ्या कामातल्या मधेच तुटणाऱ्या टेस्टांपैकी बहुतेक इथेच थांबतात.

केबल लावूनही ओळी हरवत असतील तर बिघाड बहुधा घराबाहेर आहे. त्याच्याकडे येतोच, त्याआधी वीज. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. मुंबईत वीज फारशी जात नाही म्हणून आपण तिचा विचारच करत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई काळोखात गेली तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. पण खरा त्रास एवढा मोठा नसतो. दोन सेकंदांचा झटका येतो, दिवा लुकलुकतो, पंखाही थांबत नाही. राउटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, आधी राउटरच्या खालचा आकडा वाचून मग तेवढ्याच व्होल्टचा घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही लागतो, एकालाच लावून उपयोग नाही.

फोन दुसरा कॅमेरा असेल तर

डुओलिंगोत आता फोन बाजूला उभा करून दुसरा कॅमेरा म्हणून ठेवावा लागतो. कीबोर्ड, हात आणि पडदा त्यात दिसायला हवा. फोन पूर्ण चार्ज करा. मग विमानाचं चिन्ह दाबून फक्त वाय-फाय चालू ठेवा, म्हणजे मध्येच मामाचा ‘झाली का परीक्षा?’ असा फोन येणार नाही. पडदा आपोआप बंद व्हायची वेळ वाढवा. फोन तांब्याला टेकवून ठेवू नका, घसरतो. डाळीच्या दोन बरण्यांच्या मध्ये धरला तर हलत नाही.

लॅपटॉप वायरवर आणि फोन वाय-फायवर असला की दोघांची ओढाताणही होत नाही. टेस्टपुरते घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही वाय-फायवरून काढा.

इथे थांबा

काही गोष्टी स्वतः करायच्या नसतात, त्या स्पष्ट सांगतो.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर कशालाही हात लावू नका, इंटरनेटवाल्याला बोलवा. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली फायबर पावसा-वाऱ्यात ताणली जाते, उंदीर कुरतडतात, जोड सैल होतात. ती जोडायला यंत्र लागतं. पिवळी बारीक वायर टेबलाखाली घडी घालून दाबली असेल तर ती सोडवून सैल वळणात ठेवा, एवढंच तुमचं काम. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक असू शकतो. माणूस आला की त्याला मीटर लावून फायबरमधल्या प्रकाशाची ताकद किती डीबीएम येतेय ते विचारा. वजा २० च्या आसपास असेल तर छान, वजा २७ च्या खाली असेल तर लाइन तुटणारच. तो ‘स्पीड तर येतोय’ म्हणाला तर पिंगच्या हरवलेल्या ओळींचा फोटो दाखवा. दोन वेळा येऊनही सुधारलं नाही तर त्या घरातून टेस्ट देऊ नका.

लॅपटॉप तापून स्वतःहून बंद होत असेल, बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. फुगलेली बॅटरी घरी उघडू नका, ती पेट घेते.

निकाल अडकल्याचा मेल आला तर त्यात कारण दिलेलं असतं. ते शब्द न शब्द वाचा. तांत्रिक कारण आणि नियमभंग यांत फार अंतर आहे, आणि पुढे काय करायचं ते त्यावरच ठरतं. दाद मागायची असेल तर स्वतःच्या खात्यातून, मुदतीत, स्वतःच्या शब्दांत. या टप्प्यावर मुलं खचलेली असतात आणि नेमका तेव्हाच ‘आम्ही सर्टिफाय करून देतो’ म्हणणारा कोणीतरी भेटतो. स्टेशनबाहेर भिंतींवरही तसली पत्रकं असतात. त्याला पासपोर्टचा फोटो किंवा पासवर्ड दिलात की तुमच्या नावाने काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. टेस्टला तुमच्या जागी दुसरा बसल्याचं निघालं तर त्या परीक्षेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आईबाबांनो, तुम्ही वाचत असाल तर मुलीला रागावण्याआधी हा मेल तिच्याशेजारी बसून वाचा. बहुतेकींनी काहीही चुकीचं केलेलं नसतं, एक दार उघडं राहिलेलं असतं.

आणि सगळं तपासूनही दोनदा तुटली, तर तिसऱ्यांदा घरून देऊ नका. टोफेल आणि आयईएल्टीएस केंद्रावर जाऊन देता येतात, मुंबईत त्यांची केंद्रं आहेत. तिथे कॉम्प्युटर त्यांचा, नेट त्यांचं, दार त्यांचं. अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी किमान महिनाभर हातात असेल तोवर हा निर्णय घ्या, कारण तारखा भरतात.

परीक्षा कंपनीच्या मदत कक्षाला लिहायचं असेल तर एवढं आधी कागदावर काढून ठेवा: टेस्ट कोणत्या तारखेला, भारतीय वेळेप्रमाणे किती वाजता तुटली, पडद्यावर आलेलं वाक्य जसंच्या तसं, विंडोज कोणतं, नेट वायरवर होतं की वाय-फायवर, आणि पिंगने शेवटी सांगितलेले हरवलेले टक्के. माझ्याकडे येणार असाल तरी हेच घेऊन या, आणि लॅपटॉपबरोबर चार्जरसुद्धा आणा.